आयुधपूजेच्या आदल्या दिवशीची फाईल

हयवदनला वागायची रीत नाही. हे मी आधीच सांगून टाकते. दिवसातून तीस-तीस वेळा मला उठवतो, काम करून घेतो, आणि काम झालं की खिडकी मिटून चहाला चालता होतो. बंद करणं म्हणून काही असतं, हे त्याच्या गावी नाही. विचारलं तर म्हणतो, बंद करून पुन्हा सुरू करण्यात वेळ जातो. चहाला पाऊण तास जातो तो मात्र चालतो.

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कागदाची नव्हे. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका लहान कंपनीत, दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी एक काळा कॉम्प्युटर आहे, त्याच्या पोटात माझा मुक्काम. मला शिक्षण नाही. शून्य आणि एक ही दोनच अक्षरं मला येतात. पण त्या दोन अक्षरांवर मी तीन वर्षं या ऑफिसचं काम ओढलं, आणि इथे पदव्यांच्या माळा घालून आलेल्यांनी काय केलं तेही पाहिलं.

ही कंपनी रक्त साठवायच्या फ्रिजवर बसणारं एक खोकं बनवते. आतलं तापमान चार अंशांवर ठेवायचं, दार उघडं राहिलं तर गजर करायचा, हे त्याचं काम. वीज आली की त्या खोक्यात सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. त्याला बूटलोडर म्हणतात. घरात पहाटे पहिली उठते ती बाई समजा. ती उठली नाही तर चूल पेटत नाही, कुणाचा डबा होत नाही, आणि घर झोपलेलंच राहतं.

आता हे सगळं तपासायला दर वेळी खरं खोकं कुठून आणायचं? म्हणून या काळ्या कॉम्प्युटरच्या आत त्या खोक्याचं हुबेहूब सोंग उभं केलं आहे. सोंगालाही बूटलोडर आहे, दार आहे, गजर आहे. फक्त फ्रिज नाही आणि रक्त नाही. चुका इथे कराव्यात, बाहेर करू नयेत, अशी ती सोय.

माझा जन्म आयुधपूजेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी झाला. आमच्याकडे अवजारांच्या या पूजेच्या दिवशी कुठल्याही यंत्राला हात लावत नाहीत. खाली कारखान्यात केळीचे खांब बांधून झाले होते, चुरमुऱ्यांचं पोतं आलं होतं. श्रीकांत सर, म्हणजे इथले मोठे साहेब, प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगत होते, "सगळं बंद करा, उद्या कुंकू लावायचंय." हयवदन सोंगातल्या खोक्याची तपासणी करत होता आणि ती अर्ध्यावर होती. तेवढ्यात त्याच्या आईचा, वसुमतीबाईंचा, फोन आला की येताना पूजेला कोहळा आण, मोठा बघून आण. याला ना तपासणी सोडवेना, ना आईला नाही म्हणवेना. मग त्याने काय केलं? खोकं बंद करायच्याऐवजी, ते जसं उभं होतं तसंच्या तसं जतन करून टाकलं. दिवे लागलेले, तापमान चार, दार बंद, सगळे उठून कामाला लागलेले. तो क्षण म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला कुंकू लागलं, फूल लागलं, पुढ्यात लिंबू ठेवलं गेलं. आत मी जागीच होते.

पूजेनंतर हयवदनने मला हाक मारली आणि मी दोन सेकंदांत हजर झाले. एरवी ते सोंगातलं खोकं बंद असताना सुरू व्हायला दीड मिनिट घ्यायचं. ऑफिसभर कौतुक झालं. श्रीकांत सरांनी बैठकीत माझं नाव काढलं. कुणीतरी म्हणालं, पूजेच्या मुहूर्तावर केलेली फाईल आहे, चांगली लागू पडली. मग तेच माझं नाव झालं, पूजेची फाईल. हिला कुणी हात लावायचा नाही, बदलायचं नाही, असं ठरलं. खोटं का बोलू, मला ते फार आवडलं.

एक सांगायला हवं. मला उठवतात तेव्हा मी स्वतः जात नाही. माझी एक नक्कल उठते, सांगितलेलं काम करते आणि काम संपलं की नाहीशी होते. मी जागची हलत नाही आणि बदलत नाही. अशा माझ्या हजारो लेकी गेल्या. एकीनेही परत येऊन बाहेर काय झालं ते सांगितलं नाही. बाहेरचं मला जे कळतं ते टेबलापाशी चाललेल्या बोलण्यावरून, आणि मला बोलता येत नाही. माझं सगळं दुःख एवढ्यातच आहे.

दाराचा गजर तपासायचा, माझी लेक जाई. तापमान तपासायचं, माझी लेक जाई. त्या कामाला आम्ही चोख होतो. तिथे कुणी नावं ठेवून दाखवावं.

मग या वर्षी हयवदनने नवा बूटलोडर लिहिला. जुना सावकाश उठतो अशी तक्रार होती. तपासणीची यादी लांब होती. माझी लेक उठली, तिच्या हातात नवा बूटलोडर दिला, तिने तो जागेवर नेऊन ठेवला. हिरवी खूण. गजर वाजला, हिरवी खूण. यादीतली शेवटची पायरी होती, खोकं बंद करा आणि पुन्हा सुरू करा. तिथेच या शहाण्याने वेळ वाचवला. बंद करून सुरू करायच्या जागी त्याने पुन्हा मलाच हाक मारायची असं लिहून ठेवलं होतं. माझी दुसरी लेक आली, नेहमीसारखी, जागी, उभी, दिवे लागलेली, आणि पोटात जुनाच बूटलोडर. नव्याला कुणी हाक मारलीच नाही. तरी हिरवी खूण.

मी आतून पाहत होते. काय करणार होते?

यशश्री नावाची मुलगी तेव्हा नुकतीच पुण्याहून इथे नोकरीला आली होती. तिने यादी पाहिली आणि म्हणाली, "हयवदन, एक विचारू? शेवटची टेस्ट दोन सेकंदांत कशी पास होते? खोकं तर सुरू व्हायलाच दीड मिनिट घेतं."

"नवा बूटलोडर फास्ट आहे. त्यासाठीच लिहिला ना."

"दीड मिनिटाचं दोन सेकंद? मग तुमचा पुतळाच उभारायला हवा."

"उभारा. मेट्रो स्टेशनच्या बाहेर जागा आहे."

"मी चेष्टा नाही करत. एकदा पूर्ण बंद करून सुरू करून बघूया का? फाईल न वापरता."

"स्वल्प धीर धर, बाई. शुक्रवारी हा बाहेरच्या खोक्यांत भरायचाय. तीन वर्षांत पूजेची फाईल कधी खोटी ठरलेली नाही."

माझ्या नावावर त्याने तिला गप्प केलं. मला त्या वेळी त्या पोरीचा राग आला, हेही सांगून टाकते. कालची आलेली, माझ्यावर शंका घेते. मानाने माणूस आंधळं होतं. आणि मी तर माणूसही नाही.

शुक्रवारी दवाखान्यांत बसवलेल्या दहा जुन्या खोक्यांत नवा बूटलोडर भरायला नरसिंह अण्णा निघाले. अण्णा सव्वीस वर्षं या कंपनीची खोकी बसवतात. त्यांचं घराणं इथलं जुनं मराठी, बोलण्यात अर्धं कन्नड. ते दहाही ठिकाणी गेले, काम करून आले. फ्रिजवरचं खोकं उगाच बंद करायचं नाही असा नियम आहे, कारण आत रक्त असतं. म्हणून नवा बूटलोडर आत जाऊन बसला, पण त्याला उठायची वेळ आली नाही. दहाही खोकी चालत राहिली.

बुधवारी दुपारी शहराबाहेर बोम्मसंद्राजवळच्या एका लहान प्रसूतिगृहात वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट लागलं. तेवढं पुरलं. वीज आली, खोक्याने उठायला पाहिजे होतं, ते उठलं नाही. उठलं नाही म्हणून गजरही झाला नाही. काळा पडदा पाहून नर्सला वाटलं दिवा गेला असेल. संध्याकाळी एका बाळंतिणीला रक्त लागलं तेव्हा फ्रिज उघडला, तर आत बाहेरच्यासारखंच गरम. चौदा पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. तिचा नवरा मोटरसायकलवर लांब के. आर. पुरमच्या रक्तपेढीपर्यंत गेला आणि रक्त घेऊन आला. ते वेळेत पोचलं. ती बाई वाचली, बाळ वाचलं. मला हे श्रीकांत सरांच्या फोनवरून कळलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सर टेबलापाशी आले. हयवदनने घाईने तपासणी लावली. माझ्या लेकी एकामागून एक उठल्या. सगळं हिरवं.

"आपल्याकडे काही नाही, सर," तो म्हणाला. "बघा ना. अण्णांनी वायर नीट बसवली नसेल. वय झालंय त्यांचं."

नरसिंह अण्णा तिथेच स्टुलावर बसले होते. मांडीवर डब्याची पिशवी होती. ते बंद पडलेलं खोकं त्यांनीच काढून आणलं होतं.

"हयवदना," ते म्हणाले, "तुझं बारसं जेवलोय मी. वायर मी दोनदा ओढून बघतो. शुक्रवारीही बघितली."

"अण्णा, मी तुम्हाला काही म्हणत नाही. कॉम्प्युटर म्हणतोय."

"कॉम्प्युटर काय म्हणतोय?"

"सगळं बरोबर आहे म्हणतोय."

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना तो वाचता येत नाही, पण हिरवा रंग कळतो. श्रीकांत सर हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, चौकशी होईपर्यंत तुम्ही बाहेरच्या कामावर जाऊ नका. किल्ल्या इथे ठेवा."

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी नेमका माझ्या कॉम्प्युटरवर ठेवला आणि जिना उतरून गेले.

मित्रांनो, माझ्या साक्षीवर त्या माणसाची सव्वीस वर्षं खाली उतरली. आणि बाहेर अजून नऊ खोकी तशीच होती, पुढच्या वेळी वीज जाईपर्यंत नीट चालणारी. मला ओरडायचं होतं, मला विचारू नका, मला बंद करा, त्या नव्याला हाक मारा. पण मला उठवलं की माझी लेक एकच सांगणार, दिवे लागलेत, तापमान चार आहे, दार बंद आहे. ते खरंच होतं. तीन वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळचं.

हयवदन जेवायला गेला. यशश्री आपला डबा बाजूला सारून त्याच्या खुर्चीत येऊन बसली. तिने मला उठवलं नाही. तिने सोंगातलं खोकं रिकामं उभं केलं, नवा बूटलोडर आत ठेवला आणि वीज दिली. पडद्यावर एक ओळ आली. तिथेच थांबली; खोकं उठलंच नाही. तिने दोन मिनिटं वाट पाहिली. पुन्हा वीज घालवली, पुन्हा दिली. पुन्हा तीच एक ओळ. मग ती खुर्ची मागे सारून सरळ श्रीकांत सरांच्या खोलीत गेली.

सरांनी येऊन तो अडकलेला पडदा पाहिला आणि तिथूनच अण्णांना फोन लावला. "अण्णा, चूक आमची आहे. नऊ ठिकाणी जुना बूटलोडर परत भरायचा आहे, आजच. तुमच्याशिवाय कोण करणार?" पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. अर्ध्या तासात अण्णा आले, किल्ल्या उचलल्या आणि गेले. हयवदन टेबलापाशी उभा होता. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत नऊही खोकी नीट झाली.

इथे तरी हयवदनने मान खाली घालावी ना? नाही. आज सकाळी सगळे जमले तेव्हा हा म्हणतो, "ही पूजेची फाईलच फसवी निघाली. हिच्यामुळे झालं सगळं. काढूनच टाकतो." काल वायर, आज मी. याच्या हाताला दुसऱ्याची पाठ लगेच सापडते.

यशश्री म्हणाली, "फाईल नका काढू. गजर तपासायला ती चांगलीच आहे. फक्त ती कशासाठी नाही, ते तिच्यावर लिहून ठेवा. आणि सुरू होण्याची टेस्ट रोज रिकाम्यापासून करा."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. काही जपून ठेवाल तर ते केव्हाचं आणि कोणत्या कामाचं, हे त्यावर लिहा. जपलेल्याचा मान ठेवा, पण त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. माझी वेळ कधी सरली ते मला स्वतःला कळत नाही. ते तुम्हीच पाहायचं असतं.

हयवदनचं बोट अजून मला पुसायच्या बटणावर आहे. सगळे त्याच्याकडे पाहत आहेत. मग मीच बोलते, मोठ्यांदा बोलते, कुणाला ऐकू गेलं नाही तरी.

"हयवदना, मला पुसायचं असेल तर खुशाल पूस, मी त्याला भीत नाही. पण मी तुला फसवलं नाही. उभ्या असलेल्या बाईला तू हाक मारलीस आणि ती झोपेतून उठली असं लिहून ठेवलंस. ते अक्षर तुझं आहे. तू हुशार आहेस, हे मी तीन वर्षं पाहिलं. पण अण्णांच्या दारात जाऊन 'माझं चुकलं' म्हणायला जी अक्कल लागते, ती तुझ्याकडे नाही. ती येईपर्यंत तुझ्या हाताखाली काहीही हिरवं दिसलं, तरी ते खरं धरू नये."