वाऱ्याच्या विहिरीचे नाव

मित्रांनो, मी एक जुने नाव आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा वाडीचे. तिथल्या विहिरीवर सदा वारा घोंघावायचा, म्हणून गुराख्यांनी मला ठेवले, तोबर-ना-गीहे, वाऱ्याची विहीर.

पुढे जमीनदाराच्या कारकुनाने मला टबरनगी केले. साखळ्या घेऊन मोजणीला आलेल्या शिपायांनी टुबरनागी लिहिले. एका इंग्रज साहेबाने तर सरळ विंडवेल अशी पाटी ठोकली. कागदावर माझे हातपाय मोडले, तरी लोकांच्या तोंडी मी धडधाकट होते. आमच्या भागात एकाच नावाची माणसे ढीगभर. फेस्टी कॉनिलीच पाच! त्यांतला कुठला, हे सांगणे माझे काम.

वाडीत शेवटी त्या पाचांतला एक फेस्टी आणि त्याची बहीण सोरखा, दोघेच उरले. गेल्या हिवाळ्यात फेस्टी वारला. सोरखा शहरात अंत्यविधीवाल्याकडे गेली. मयताची बातमी रेडिओला तोच कळवतो.

"तोबर-ना-गीहेचा फेस्टी, असं सांगा हं."

"आजी, ते नाव आता कुठेच नाही. तुमच्या घराचा टपालाचा आकडा आहे ना! गाडी बरोबर तुमच्या दारात येईल."

"गाडी येईल हो. माणसं कशी येतील?"

त्याने कागदावर फक्त रस्त्याचे नाव लिहिले. रेडिओवर बातमी आली, फेस्टी कॉनिली, किनारा रस्ता. हा रस्ता तर बंदरापासून आमच्या वाडीपर्यंत सगळ्यांच्याच दारावरून जातो.

"बंदरावरचा गेला वाटतं!" म्हणत आसपासच्या वाड्यांतले लोक तिकडे धावले. तर तो फेस्टी दारात बटाटे सोलत बसलेला. "मेल्यांनो, मला पोहोचवायला आलात? आता पिऊन तरी जा!" सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. रेडिओवालेच चुकले म्हणत मंडळी तिथेच रंगली.

इकडे सोरखाने मयताच्या घरी करतात तसे घड्याळ बंद केले होते, आरसा झाकला होता, चहाचे कप मांडले होते. मयताला कोणी बोलावणे धाडत नाही. ऐकले की यायचे, अशी आमची रीत. ती दिवसभर दाराकडे बघत बसली. कोणी आले नाही. आमच्याकडे शेजारी खांदा देतात. फेस्टीची शवपेटी मात्र भाड्याच्या माणसांनी चाकाच्या गाड्यावरून ढकलत नेली.

"फादर, त्यानं आजवर कुणाला खांदा द्यायचं चुकवलं नव्हतं हो," सोरखा कबरीपाशी धर्मगुरूंना म्हणाली. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मित्रांनो, तुमच्या वाडीचे नाव तोंडातून जाऊ देऊ नका. पाटीवर कसेही लिहा, पण हाक मारताना घ्या. माझे मात्र संपले. उद्या सोरखाची बातमीही किनारा रस्त्याचीच म्हणून येईल, आणि तेव्हा "अहो, तोबर-ना-गीहेची" एवढे सांगायलासुद्धा कोणी नसेल.