उंबऱ्याशी ठेवलेली चप्पल

श्रीरामपूरनजीकच्या माळावर विमान चालविण्याचे शिक्षण देणाऱ्या एका संस्थेची धावपट्टी होती. तेथील मनोऱ्यात वायरलेसवर बसणारे पुंजाराम हे मूळचे विहिरी खोदणाऱ्या घरातले. विहिरीत उतरणारा मनुष्य काठावर चप्पल काढून ठेवतो. ती दिसते तोवर वरून कोणी खडासुद्धा लोटीत नाही, आणि ज्याची चप्पल त्यानेच उचलायची. हा वडिलार्जित दंडक त्यांनी मनोऱ्यातही चालू केला होता, कारण गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरवर वायरलेस नव्हता. त्यांचा भाचा बिभीषण धावपट्टीवर जाण्यापूर्वी जिना चढून येई, उंबऱ्याशी चप्पल सोडी व अनवाणीच ट्रॅक्टरवर बसे. चप्पल असेपर्यंत कोणत्याही विमानास उतरण्याची परवानगी नाही. या नेमाने आजवर कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता, आणि पुंजारामांस त्याचा मोठा अभिमान होता.

त्या दुपारी बिभीषण घामाघूम होऊन वर आला.

"मामा, पट्टी मोकळी झाली. चप्पल नेतो. राखून राखून दमला असाल!"

"तुज्या चपलीला कुत्रं बी तोंड लावीना, तिला काय राखायचं? जा, भाकर खा. रेश्माबाई आज पयल्यांदा एकल्या उडाल्यात. आता उतरतील."

बिभीषण हसत खाली गेला.

थोड्याच वेळात वायरलेसवर रेश्माचा कापरा आवाज उमटला. पुंजारामांनी सवयीप्रमाणे उंबऱ्याकडे पाहिले. उंबरा रिकामा होता. त्यांनी परवानगी दिली आणि मगच खिडकीकडे मान वळविली.

ट्रॅक्टर धावपट्टीच्या मधोमध घरघरत उभा होता. बिभीषण पाठमोरा वाकून काहीतरी उचलीत होता.

"वर घ्या! बाई, वर घ्या!"

विमान उचलले गेले, पण पुरते नाही. बिभीषण सरळ होण्यास आणि चाक येण्यास एकच गाठ पडली.

रेश्माने पुढे गवतात विमान टेकविले व ती वाचली. बिभीषण जागीच गतप्राण झाला होता. त्याच्या मुठीत कापणीयंत्राच्या पात्याचा तुटका तुकडा होता. विमानाच्या चाकाचा टायर फाटू नये म्हणून तो परत गेला होता. एवढ्याशा कामासाठी पुन्हा जिना कोण चढणार? एक चप्पल पायातच होती, दुसरी लांब उडालेली.

देह नेला, ट्रॅक्टर हलविला. आकाशात आणखी एक विमान उतरण्याची वाट पाहत घिरट्या घालीत होते. शिक्षक कल्याण धावत मनोऱ्यात आले, तो पुंजाराम वायरलेससमोर निश्चल बसलेले.

"पुंजारामकाका, तो विचारतोय. उत्तर द्या. पट्टी मोकळी आहे."

"चप्पल हाय दारात, सर. माणूस आत हाय अजून."

उंबऱ्याशी बिभीषणच्या दोन्ही चपला, पुंजारामांनी धावपट्टीवरून वेचून आणलेल्या, नीट जोडून ठेवलेल्या होत्या. कल्याण त्या बाजूला सारण्यास वाकले, तोच पुंजारामांनी त्यांचे मनगट धरले.

"ज्याची त्यानंच उचलायची."

कल्याण यांनी खिडकीशी जाऊन धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी न्याहाळली, आणि मग चपलांना हात न लावता, पुंजारामांच्या मागूनच हात लांबवून माईक उचलला.