मुलुखातली खांड

पुष्करने त्या म्हातारीच्या घरात शिरून फडताळातला पाव उचलला, तेव्हा मी त्याला असं काही झापलं की खालचा पानवाला जिन्यातून डोकावून गेला.

"मेल्या, म्हातारी समोर बसलीय आणि तिच्या डोळ्यांदेखत चोरतोस? लाज नाही वाटत?"

"अगं नमिता, गेम आहे तो!"

"म्हणून काय झालं? घर ते घरच ना!"

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे पेणच्या सगळ्या रामवाडीला ठाऊक आहे. पुष्करला तर जास्तच. त्याच्याच कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायची. सोमवार ते शनिवार तो पुष्कर सर, मी नमिता मॅडम. रविवारी क्लास बंद, मग सर वगैरे सगळं चपलांबरोबर दाराबाहेर. चार कॉम्प्युटर होते, त्यातला एकच रंगीत आणि आवाजाचा. त्याच्यासमोर आम्ही तिघं खुर्च्या ओढून बसायचो. तिसरा मितेश. त्याच्या वडिलांचा हमरापूरला गणपतींचा कारखाना. मितेश मूर्तींचे डोळे आखायचा, आणि त्याच्या आखणीला मुंबईहून गिऱ्हाइकं यायची.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. पुष्करने ही सीडी दादरहून आणली होती. गेमचं नाव इंग्रजीत हे एवढं लांबलचक, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'मुलूख' म्हणायचो. तोवर आम्ही पाहिलेल्या गेममध्ये गाडी असायची आणि ती सरळ पुढे जायची. इथे मात्र तुम्हाला एका टेकडीवर आणून सोडायचे आणि सांगायचे, जा बाबा कुठे जायचं तिथे. लांब डोंगर दिसला ना? चालत जा, चढता येतो. पलीकडे जंगल, जंगलात देऊळ, देवळामागे विहीर. विहिरीत उतरलात तर तिथेही कोणीतरी राहतोय! पहिल्या रविवारी आम्ही काहीच केलं नाही, नुसते फिरलो. खरं सांगते, मी त्याआधी आमचं गाव आणि पेण सोडून फक्त रोह्याला गेले होते. त्या दिवशी घरी जाताना माझे पाय दुखल्यासारखे वाटत होते.

वीर एकच, माउस आळीपाळीने, पण तिघांच्या तीन तऱ्हा. पुष्कर दिसेल त्याला तलवार मारत सुटायचा, आणि हाताला लागेल ते बाजारात नेऊन विकायचा. मितेशने आमच्या वीराचा चेहरा करण्यात दोन रविवार घालवले. भुवई जरा खाली, डोळा जरा मोठा. शेवटी वीर झाला तो थेट गणपतीसारखा शांत. राक्षस अंगावर आला तरी चेहऱ्यावर आशीर्वाद! आणि मी दारात उभी राहून हाक मारल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायची नाही. माणसांशी बोलायचं बटण होतं, ते मी प्रत्येक उंबऱ्यावर दाबायची. पुष्कर कपाळावर हात मारायचा.

पण सहा आठवडे आम्ही एकाच जागी अडकून पडलो होतो. मुलुखात खाडीकाठी एक गाव होतं. पुढच्या गडाची किल्ली तिथल्या त्याच पाववाल्या म्हातारीकडे. ती म्हणे, गाव वाचवा, मग किल्ली देते. खाडीच्या तोंडाशी एक जलराक्षस होता. त्याला मारावं, तर काही दिवसांनी पाणी यायचं आणि गाव, म्हातारी, किल्ली सगळं गडप. सात वेळा राक्षस मारला, सात वेळा गाव बुडालं. बुडताना त्या लोकांचा आरडाओरडा ऐकून मी चक्क रडायची.

रडण्याला दुसरंही कारण होतं, ते माझ्या घरात होतं. माझे वडील, आबा.

धरमतरच्या खाडीकडे आमचं गाव. तिकडची भातशेती समुद्राच्या पातळीच्याही खाली. मधे मातीचा बांध, म्हणून भात पिकतो. बांधाला भगदाड पडलं तर त्याला आमच्यात खांड म्हणतात, आणि खांड पडली की खारं पाणी शिवारात. म्हणून उधाणाला, म्हणजे अवसपुनवेच्या मोठ्या भरतीला, बांधावर राखण असते. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. खेकड्यांनी बिळं केली असतील तर तिथल्या तिथे चिखल भरायचा, बस, एवढंच काम. नव्वद साली गटारी अमावस्येला पाळी आबांची होती. आणि आबा गेले रोह्याला. सगुणाआत्याने मटण केलं होतं, भावाला आग्रहाचं बोलावणं. आबा म्हणाले, बारा वाजेस्तोवर येतो. आत्या म्हणाली, अजून एक वाटी घे. दुपारची भरती आबांची वाट बघत थोडीच थांबणार!

माणूस एकही गेला नाही. पण दीडशे एकर जमीन खारी झाली. गाव आबांना एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्यांना सोसलं नाही. आम्ही पेणला भाड्याच्या खोलीत आलो. आबा मितेशच्याच कारखान्यात माती मळायला लागले. मटण त्या दिवसापासून सोडलं. ना माळ घातली, ना नवस केला, नुसतं सोडलं. गावात पाऊल नाही.

त्या वर्षी माघात गावाने ठरवलं, आता खांड बुजवायचीच. गावचे बाबाजी पाटील दोनदा येऊन गेले. "कान्हू, तुझ्यासारखा बांधाचा जाणकार नाय रे दुसरा. वद्य अष्टमीला काम धरतोय. ये." आबा मान खाली घालून बसायचे. मी ओरडले, आई रडली, पण पालथ्या घड्यावर पाणी! मला एकच हवं होतं. माझ्या बापाने त्या गावात एकदा ताठ मानेने चालावं.

अष्टमीच्या आधीच्या रविवारी बाबाजी तिसऱ्यांदा आले. ते पुढच्या दाराने आत, तर आबा मागच्या दाराने बाहेर, आणि थेट आमच्या क्लासात.

"नमे, मी हितं हाय ते कुनाला सांगू नको," म्हणाले आणि दाराशी पाय पुसून कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसले.

मी काही बोलणार, तेवढ्यात पडद्यावर आठव्यांदा पाणी भरायला लागलं. आबा उठून जवळ आले.

"ह्या कंचा गाव?"

"खरा नाही, काका," पुष्कर म्हणाला. "त्या राक्षसाने बुडवला."

"राक्षस कशाला पानी आनील? पानी अवस-पुनव आनते." आबांनी पडद्यावर बोट टेकवलं. "ह्या वर कोपऱ्यात चंद्र हाय ना तुमचा?"

आम्ही तिघांनी तोवर तो चंद्र नक्षी समजून सोडून दिला होता. मितेश एवढा डोळे आखणारा, पण त्यालाही दिसलं नव्हतं! तो चंद्र रोज कलेकलेने वाढत होता आणि पुनव झाली की गाव बुडत होतं.

"आनि ही बघ खांड. बिलांनी पोखरलाय बांध. डोले फुटलेत काय तुमचे? बाजूला हो मास्तर."

पुष्कर मुकाट्याने बाजूला झाला. आबांना माउस धरता येईना, म्हणून हात माझा आणि जीभ त्यांची, असं चालू झालं. गावाच्या कोठारात गोण्या होत्या. पुष्कर त्या विकून तलवारी घ्यायचा. त्या गोण्या ओढून बांधाशी नेता येत होत्या. नेल्या, पण अर्ध्यावर पाणी चढलं आणि गाव पुन्हा गेलं. आबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काही नाही काका, थांबा. सेव्ह केलंय, मागचं परत आणतो," पुष्कर म्हणाला. बटण दाबलं. गाव उभं, म्हातारी दारात, कोंबड्या अंगणात.

आबा पडद्याजवळ आणखी वाकले. "म्हंजे झालेला दिस परत येतो?"

"हो. हवा तितक्या वेळा."

"आमच्या टायमाला नव्हता गो ह्या," आबा मला म्हणाले. मला त्या वेळी त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण मी पडले तापट, म्हणून खेकसले, "मग आता आहे ना? सांगा पुढे!"

ते एकदम सावरून बसले. "भांगाला, बारक्या भरतीला, धरायचा काम. चंद्र अर्धा असला की पानी मरतुकडा असते, चढत नाय. तिथीची पाऊणपट केलीस की भरतीचा टाइम कलतो. अष्टमीला सकालचे सहा न संध्याकालचे सहा. मदे दुपारी सुकी, म्हंजे ओहोटी. त्या दुपारी बुजवायची. आनि एकटा मानूस बांध घालतो काय? हाक मार सगल्यांना! घरटी एक मानूस!"

'सोबत चल' असं एक बटण गेममध्ये होतं. पुष्कर ते फक्त लढवय्यांसाठी वापरायचा. आता मी घरोघर निघाले, दारात उभी राहून हाक मारत. आणि काय सांगू! सहा आठवडे ज्या ज्या उंबऱ्यावर मी थांबून बोलले होते, ती ती माणसं एका शब्दात निघाली. लोहार आला, पाववाली म्हातारी आली. पुष्करने ज्यांची घरं लुटली होती, ती तेवढी येईनात. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने खिशातले सगळे पाव एका दमात परत ठेवून टाकले.

अर्धा चंद्र, भर दुपार. गणपतीच्या चेहऱ्याचा वीर पुढे, मागे अकरा माणसं, गोणीवर गोणी. मग आम्ही पुनवेची वाट बघत बसलो. चौघांपैकी कोणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. चंद्र पूर्ण झाला. पाणी आलं, चढलं, बांधाला लागलं आणि थांबलं.

"थांबला! नमे, थांबला!" आबा खुर्चीवरून उडालेच. पुष्करने मितेशला उचललं. म्हातारीने किल्ली दिली, पण गडाकडे जायचं भान कोणाला होतं! आबा हसत होते आणि डोळे पुसत होते.

मग ते पायऱ्यांकडे गेले, परत आले आणि म्हणाले, "बाबाजी गेला असंल काय गो?"

बाबाजी कसले जातात! आमच्या खोलीत आईच्या हातचा तिसरा चहा पीत बसले होते.

अष्टमीला आम्ही सगळेच गेलो. पुष्करने क्लासला सुट्टी दिली. मितेशने कारखान्यातली सहा माणसं आणि घमेली आणली. गावात शिरताना आबांनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतली. चावडीशी शंभरेक माणसं. सगळी गप्प. बाबाजी पुढे आले, आबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "काय रे कान्ह्या, आठ वर्सं लागली व्हय तुला मटान पचवायला?"

सगळा गाव खदखदून हसला. आबा आधी दचकले, मग तेही हसले. गावाने पोटात ठेवलेलं सगळं त्या हसण्यात निघून गेलं. जे आठ वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं, ते एकदाचं बोलून झालं.

मग काय विचारता! दुपारच्या सुकीला आबा कमरेएवढ्या चिखलात उभे, आणि त्यांचा आवाज पार खाडीपलीकडे. खुंट ठोका, पेंढा टाका, चिखलाचे गोळे हातोहात द्या. बायका एका रांगेत, पुरुष दुसऱ्या. पुष्करच्या चष्म्यावर एवढा चिखल होता की तो दोनदा भलत्याच्याच हातात गोळा देऊन आला. "मास्तर, राक्षस आला तर तू बघ हां!" आबा ओरडले. गावाला काही कळलं नाही, पण आम्ही तिघं पोट धरून हसलो. चार दिवसांत खांड मिटली. त्रयोदशीपर्यंत बांधावर आणखी हातभर माती चढली.

खरी परीक्षा अमावस्येला होती. बाराच्या भरतीला सगळा गाव बांधावर जमला होता. पाणी वर यायला लागलं. इथे मागचं परत आणायचं बटण नाही, हे मला त्या वेळी जितकं कळलं तितकं कधी कळलं नव्हतं. आबा वाकून बांधावरून चालत होते, हाताने चाचपत होते. एके ठिकाणी बीळ सापडलं. त्यांनी बसून चिखल दाबला, वरून पायाने तुडवला. पाणी चढून चढून वरच्या कडेला चार बोटं राहिली, आणि तिथेच उभं राहिलं. घटकाभराने माघारी फिरलं.

गावाने जो काही गिल्ला केला, तो धरमतरच्या जेटीवर ऐकू गेला असेल. मीही गळा फाटेस्तोवर ओरडले.

बाबाजींच्या अंगणात मटणाची पातेली चढली होती. सगुणाआत्या मुद्दाम रोह्याहून आली होती, वाटणही तिचंच. लोक हात धुवायला पळाले. आबा मात्र बांधावरच बसलेले.

"आबा, चला! पाणी उतरलं की."

"तू जा. आज पाली माझी हाय."

"अहो, पण भरती गेली. आता कसली पाळी?"

"उतरत्या पान्यानं पन माती सुटते गो." त्यांनी खाडीकडे बघत पाय सोडून बैठक मारली. "तुमच्या मुलुखात सेव्ह हाय. हितं नाय. हितं बसायलाच लागते."

मला राग यायला हवा होता, एरवी आलाही असता. पण आला नाही. आठ वर्षं पाठ वाकवून चालणारा माझा बाप बांधावर ताठ बसला होता.

तेवढ्यात सगुणाआत्या पदर खोचून बांधाकडे आली आणि दम लागलेल्या आवाजात ओरडली, "दादा, चल रे! मटान थंड होतंय. आज तरी खाशील का नाय?"

आबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. हात तेवढा वर केला.

"खाईन की! पन ताट हितं घेऊन ये."