दुसऱ्याच्या मयतीला

मिर्लांदची आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मिर्लांद वेळेवर ऑफिसला आली. हार्बरफ्रंटला जहाजांच्या विम्याचं त्यांचं ऑफिस. आफ्रिकेतल्या बंदरांवरून येणारे फ्रेंच कागद मिर्लांद वाचायची, पुढचं काम शैलाकडे. दोघीही या देशात बाहेरून आलेल्या, कितीतरी वर्षं शेजारी बसत होत्या. शैलाने नेहमीसारखं "झोप झाली का?" विचारलं, तेव्हा स्क्रीनवरची नजर न काढता मिर्लांद म्हणाली, "माझी आई वारली. काल रात्री. तिकडे सकाळ होती."

शैलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा हलला नाही.

"अगं, मग घरी जा ना."

"घरी जाऊन काय करू?" मिर्लांदने विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

मिर्लांद हैतीची. हा देश शैलाला पूर्वी फक्त भूकंपाच्या बातमीतून माहीत होता. बाकीचं जेवताना हळूहळू कळत गेलेलं. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स बरीचशी बंदूकवाल्या टोळ्यांच्या ताब्यात होती. मिर्लांदच्या आईला म्हातारपणी घर सोडून डोंगराकडच्या वस्तीत मुलाकडे, रोनालकडे, राहावं लागलं होतं. तिथेच तिला झटका आला आणि जवळपास उघडं असलेलं हॉस्पिटल सापडेपर्यंत ती गेली. विमानांवर गोळीबार झाल्यापासून राजधानीचा विमानतळ बंद होता. उत्तरेकडच्या शहरात उतरता आलं असतं, पण तिथून येणारा रस्ताही टोळ्यांचाच.

"आणि पुरायचं कुठे, तेही ठरत नाहीये," मिर्लांद म्हणाली. "आजोबांनी बांधलेलं आमचं थडगं आहे. आई दर नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या सणाला, ते स्वतः चुन्याने रंगवायची. पण ते स्मशान आता त्या लोकांच्या बाजूला आहे. रोनाल दुसरी जागा शोधतोय. तोवर ती शवागारात."

दुसऱ्या दिवसापासून ती काळे कपडे घालायला लागली. आई गेली की त्यांच्यात निदान वर्षभर काळं घालतात. ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिथे अर्धा मजला काळ्यातच असतो. लिफ्टमध्ये त्यांचा मॅनेजर म्हणाला, "स्मार्ट दिसतेस हल्ली." मिर्लांदने थँक यू म्हटलं.

शैला हे सगळं बघत होती. तिचे बाबा सांगलीला वारले तेव्हा कोविडमुळे विमानं बंद होती. तिने चिता फोनवर पाहिली होती आणि मग लॅपटॉप उघडून एका मीटिंगला बसली होती. हे तिने मिर्लांदला सांगितलं नाही. सांगून त्यापुढे काय म्हणायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

ख्रिसमसनंतर एकदा मिर्लांद म्हणाली, "तुझं किचन एक दिवस मिळेल? एक जानेवारीला सूप करायचं असतं. माझी घरमालकीण पाणी उकळण्यापलीकडे काही करू देत नाही." पाया लेबारला मिर्लांद भाड्याने एक खोली घेऊन राहायची.

"ये की. त्यात काय विचारायचं?"

"लाल भोपळ्याचं असतं. बीफ घालून."

चालेल म्हणावं असं शैलाला वाटलं. "बीफ नाही चालणार गं आमच्याकडे," ती म्हणाली.

"मग नुसता भोपळा," मिर्लांद म्हणाली. तिला वाईट वाटलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

एक तारखेला ती हौगांगला शैलाच्या घरी आली. शैलाचा नवरा प्रबोध पुण्याला गेलेला, घरात शैला आणि सोळा वर्षांची अनुया. मिर्लांदने भोपळा उकडला, वाटला, त्यात कोबी, गाजर, बटाटे, मॅकरोनी, लवंगा घातल्या. एक अख्खी मिरची देठासकट वर सोडली. फुटली तर तिखटाने सूप पिता येत नाही, म्हणाली.

"एक तारखेलाच का?" अनुयाने इंग्रजीत विचारलं.

"अठराशे चार साली याच दिवशी आम्ही स्वतंत्र झालो. त्याआधी आम्ही फ्रेंचांचे गुलाम. हे सूप रांधायचं आम्ही आणि प्यायचं मालकांनी. आम्हाला चव घ्यायलाही बंदी. स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी सगळ्यांनी हेच प्यायलं, असं आमच्याकडे सांगतात. तेव्हापासून दर वर्षी."

"गुलामांनी फ्रेंचांना हरवलं? शाळेत कोणी सांगितलं नाही."

"नाही सांगत," मिर्लांद म्हणाली आणि अनुयाच्या वाडग्यात दुसऱ्यांदा सूप वाढलं. स्वतः तिने एक वाडगा संपवला. चांगलं झालंय का असं शैलाने विचारल्यावर म्हणाली, "मला चव कळत नाहीये. गरम आहे."

दुपारी शैला तिला एमआरटी स्टेशनपर्यंत सोडायला निघाली. अनुया आतूनच इथल्या मुलांच्या बोलीत ओरडली, "आई, खाली वेक चाललाय. त्या साइडने जाऊ नका लाह!"

इमारतीखालच्या मोकळ्या जागेत कुणा चिनी कुटुंबाचा वेक, म्हणजे मयतीची बैठक, होती. पांढरे-निळे कापडी पडदे लावलेले, गोल टेबलं, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. आत शवपेटी आणि म्हाताऱ्याचा मोठा फोटो, समोर उदबत्त्यांचा धूर. बाहेर टेबलांवर लोक शेंगा सोलत होते, पत्ते खेळत होते, कुणीतरी मोठ्याने हसलं. हे शैलाने इतक्यांदा पाहिलं होतं की ती नजर खाली घालून पुढे चालायला लागली. मागे पाहिलं तर मिर्लांद उभी.

"हे लोक रात्रभर बसतात?"

"हो. तीन-चार दिवस, पाच दिवस."

"आमच्यात पण. डॉमिनो खेळतात, कॉफी पितात. आचरट गोष्टी सांगून हसवतात. मेलेल्या माणसाला एकटं ठेवायचं नाही." ती थांबली. "आईसाठी रोनालला बसता आलं नाही. अंधार पडल्यावर तिथे कोणी बाहेर पडत नाही."

आणि ती सरळ आत गेली.

"मिर्लांद, अगं, आपली ओळख नाही त्यांची," शैला मागोमाग जात म्हणाली. पांढऱ्या टी-शर्टातला, बाहीला सुतकाची खूण म्हणून कापडाचा चौकोनी तुकडा लावलेला पन्नाशीचा एक माणूस पुढे आला.

"तुम्ही माझ्या वडिलांना ओळखत होता?"

"नाही," मिर्लांद म्हणाली. "माझी आई वारली. लांब. मला जाता येत नाही. थोडा वेळ बसू का?"

त्या माणसाने तिच्या काळ्या कपड्यांकडे पाहिलं, मग शैलाकडे. शैलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसा," तो म्हणाला. "शेंगा खा."

त्याने दोघींपुढे शेवंतीच्या चहाची पाकिटं ठेवली. मिर्लांद बसली. समोरच्या म्हातारीने काही न विचारता तिला पत्ते वाटले. खेळ मिर्लांदला येत नव्हता. म्हातारीने तिच्या हातातला पत्ता ओढून टेबलावर टाकला आणि काहीतरी चिनीत म्हणाली, तसे सगळे हसले. मिर्लांदही हसली. तिचं हसणं शैलाने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, पण ते ऐकून तिला बरं वाटलं असंही नाही. ती शेंगा सोलत राहिली. बाबांच्या वेळी अशी कुठे बसायला जागा असती, तर आपण बसलो असतो का, असं तिच्या मनात आलं आणि तिथेच राहिलं.

ऊन उतरेपर्यंत दोघी तिथे होत्या. उठताना मिर्लांद फोटोसमोर गेली, वाकली आणि आपल्या भाषेत थोडंसं बोलली. त्यात शैलाला 'मान्मान' हा एकच शब्द कळला. त्यांच्यात आईला मान्मान म्हणतात.

"आता सांगून निघायचं का?" मिर्लांदने विचारलं.

"नाही. अशा ठिकाणाहून निघताना येते म्हणत नाहीत. आमच्यातही नाही," शैला म्हणाली.

जानेवारी संपता संपता रोनालला दुसऱ्या स्मशानात ओळखीच्या एका कुटुंबाच्या थडग्यात जागा मिळाली. मिर्लांदने खोलीत बसून फोनवर दफन पाहिलं. सोमवारी ती वेळेवर ऑफिसला आली.

"झालं?" शैलाने विचारलं.

"झालं. ऊन फार होतं तिकडे, नीट दिसलं नाही. थडग्याला सिमेंट लावताना नेटवर्क गेलं."

शैलाने खुर्ची थोडी तिच्याकडे सरकवली. "माझ्या बाबांच्या वेळी गेलं नव्हतं," ती म्हणाली. "शेवटपर्यंत दिसत होतं."

मिर्लांदने पहिल्यांदाच स्क्रीनवरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. "मग?"

"मग काही नाही. मीटिंग होती."

मिर्लांदने मान हलवली. मग तिनेही आपली खुर्ची थोडी शैलाकडे सरकवली.