शीट क्रमांक एक

माजलगावच्या कॉलेजात एक हर्बेरियम आहे, हे खुद्द माजलगावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते त्याला गवताची खोली म्हणत. अकरा लोखंडी कपाटं, त्यांत सहा हजारांवर जाड कागदाची शीटं, आणि प्रत्येक शीटावर दाबून, वाळवून, दोऱ्याने टाचून बसवलेलं एकेक झाड. खाली उजव्या कोपऱ्यात लेबल. त्यावर झाडाचं नाव, गाव, तारीख आणि ज्याने ते खुडून आणलं त्याचं, म्हणजे संकलकाचं नाव. या खोलीत भारत उजगरे बावीस वर्षं परिचर होता. प्राध्यापक आले, बढत्या घेऊन गेले. भारत मात्र डांबराच्या गोळ्यांचा वास अंगात मुरवून तिथेच राहिला.

कपाटं सहकाराने दिलेली. साखर कारखान्याने चार, दूध संघाने तीन, सूतगिरणीने दोन, उरलेली दोन कुठल्या सोसायटीने. प्रत्येक कपाटावर ऑइलपेंटने 'सप्रेम भेट' आणि त्याखाली त्या-त्या चेअरमनचं नाव, असं ठसठशीत की दारातून वाचता यावं. यांतल्या एकाही साहेबाने आयुष्यात गवताची काडी वाळवली नव्हती. गिरणी बंद पडली, दूध संघ आटला, पण रंग काही उडाला नाही. भारत रोज सकाळी फडकं मारताना ही नावं पुसायचा आणि मनातल्या मनात एक नाव जोडायचा: दगडाबाई धर्मराज उजगरे, राहणार दिंद्रुड.

ती त्याची आई. तीस वर्षं ती दिंद्रुडहून डोक्यावर गाठोडं घेऊन येत असे आणि सुंदरराव सरांच्या टेबलावर झाडं सोडत असे. सुंदरराव म्हणजे या संग्रहाचे कर्ते. त्यांनी तो उभा केला आणि भारतला नोकरीही त्यांनीच लावून दिली. विद्यार्थी आणत ती झाडं वरून खुडलेली असत. दगडाबाईचं झाड मुळासकट, माती झटकून, एक तंतूही न तोडता आणलेलं. मुळं पाहून भारत झोपेतही सांगू शकला असता की हे मायचं शीट. पण लेबलावर सगळीकडे एकच: 'संकलक : प्रा. सुंदरराव.' सर वारले तेव्हा भारत ढसाढसा रडला होता. तरी हा एक सल त्याच्या मनातून जात नव्हता. ज्या बाईने अनवाणी शिवारं तुडवली तिचं नाव कुठेच नाही, आणि गोदरेजची नक्कल करणाऱ्या कपाटावर चेअरमनसाहेब झळकतायत! याचा राग येऊ नये तर कशाचा यावा?

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात धरणात गाळ तेवढा उरला. कॉलेजच्या मैदानावर एका सहकारी संघाने चारा छावणी उघडली, आणि पेंडीची पोती ठेवायला मोठी खोली हवी म्हणून संचालकांची नजर गवताच्या खोलीवर गेली. विभागप्रमुख उत्तरेश्वर सर तरुण आणि भला माणूस. त्यांनी हातापाया पडून चार कपाटं शेजारच्या अंधाऱ्या खोलीत वाचवली. बाकीची रिकामी करायची होती.

"भारतराव, नियमाने जाऊ," ते म्हणाले. "ज्या शीटावर फूल किंवा फळ नाही, संकलकाचं नाव नाही, कीड किंवा उंदीर लागलाय, ती काढा. प्रत्येकाची नोंद करा."

नोंदवही होतीच. क्रमांक, झाड, काढण्याचं कारण, नष्ट करणाऱ्याची सही असे रकाने. सुंदररावांनी घालून दिलेला दंडक असा की या खोलीत रबर चालत नाही, खाडाखोड चालत नाही. चुकलं तर चुकीवर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर ते लिहायचं, म्हणजे चूकही वाचता येते. भारत हा दंडक डोळ्यांत तेल घालून पाळत असे.

गुरुवारी त्याने तीनशे शीटं काढली. त्यातलं अगदी जुनं एक होतं क्रमांक एकचं. त्याच्यावर झाड असं नव्हतंच, नुसता एक वाळून काळा पडलेला वाकडा कंद. पान नाही, फूल नाही. लेबलावर 'कळलावी, मे १९७३', आणि संकलकाची जागा कोरी. कंदाची कड खाल्लेली, दोन बाजूंना दातांच्या खुणा आणि मध्ये थोडी जागा सुटलेली. पहिल्या क्रमांकाचं म्हणून तो क्षणभर थबकला. पण नियम तो नियम, आणि दुपारचे चार वाजले होते, घामाने कागद हाताला चिकटत होते. त्याने वहीत लिहिलं: 'फूल-पान नाही, संकलक नाही, उंदराने कुरतडलेला.' सही केली. जुनी शीटं विषारी औषधाच्या पाण्यातून काढलेली असतात. ती छावणीतल्या जनावरांच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून मैदानाच्या पार टोकाला खड्डा घेतला होता. संध्याकाळपर्यंत त्याने तीनशेची तीनशे जाळली आणि वर माती ओढली.

शुक्रवारी उत्तरेश्वर सरांनी वेगळीच गोष्ट काढली. कॉलेजची स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात 'आमचा वनस्पतिसंग्रह : इतिहास आणि संकलक' असा त्यांचा लेख होता.

"तुम्ही आईंचं म्हणत असता ना? सोमवारी यादी छापायला जाते. लेबलावर नाव नाही, हे खरं. पण त्यांनी दहा शीटं जरी खात्रीने सांगितली, कुठून आणली, कधी आणली, तरी मी नाव घालतो. माझी जबाबदारी."

भारतच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रविवारी सकाळच्या एसटीने तो दिंद्रुडला गेला. पिशवीत कोरी वही, पेन आणि मायसाठी पाण्याच्या दोन बाटल्या.

दगडाबाई सत्तरीची. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. लेकाच्या पावलांचा आवाज तिने ओळखला.

"आलास? जयभीम कर बापाला आधी."

भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी धर्मराजचा फोटो होता. भारतने हात जोडले, मायजवळ मांडी घातली आणि सगळं सांगितलं. यादी छापणार, तिचं नाव येणार, फक्त दहा झाडं सांग.

तिला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. ती बराच वेळ पदराचं टोक चोळत राहिली.

"माजं नाव कावून लागलं न्हाई, त्ये ठावं हाय तुला?"

"सरांनी लावलं न्हाई."

"सर लावीत हुते. दर टायमाला इचारायचे. म्याच नको म्हनले. सरांना बोल लावू नको बाबा."

बावीस वर्षं ज्या माणसावर मनात डूख धरला, तो असा एका वाक्यात सुटला.

"कावून, माय?"

"पयल्या कागदावर जिचं नाव पायजे तिचं लागलं न्हाई. मंग माजं कशाला?" तिने मान वळवली, जणू अंगणात काही दिसतंय. "जाई तुला ठावी हाय का?"

जाई त्याची बहीण. तो जन्मायच्या आधी, त्र्याहत्तरच्या दुष्काळात गेली. हगवण लागली होती. एवढंच त्याला घरात सांगितलेलं होतं आणि त्याने त्यापुढे कधी विचारलं नव्हतं.

"त्या साली तू पोटात हुतास. हितं काम न्हवतं, म्हनून जाईला घिऊन मी माहेराला गेलते, मांजरसुंब्याच्या डोंगरात. पाझर तलावाचं काम चालू हुतं. बाप्ये खंदायचे, आमी बाया पाट्या टाकायच्या. सुकडी दुपारी मिळायची, सकाळी पोटात काई न्हाई. एक दिशी ढेकळात कंद निगाला. नांगराच्या फाळावानी वाकडा. पाऊसच न्हाई तर येल कुठला, फूल कुठलं? जाईनं उचलला. म्हनली, माय, रताळं हाय का गं ह्ये?"

भारतने झाकण काढून बाटली तिच्या हातात दिली, पण ती प्यायली नाही.

"म्या बगितलं. मलाबी रताळ्यावानीच दिसलं. डोक्यावर पाटी हुती, मुकादम वरडत हुता. म्हनलं, आसंल, खा."

"माय..."

"ऐक. एकच घास घेतला तिनं, मोठा. कडू हाय म्हनून बाकीचा हातात धरून बसली. सांजच्याला उलट्या, जुलाब. तिसऱ्या दिशी गेली. लोक म्हनले रेशनच्या लाल मिलो जवारीनं पोट बिगाडलं. म्याबी तसंच सांगितलं तुज्या बापाला. जिंदगीभर तसंच सांगितलं."

सुंदरराव तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले. दुष्काळात लोक काय-काय खातात याची टिपणं घेत ते कामांवरून हिंडायचे. दगडाबाईने त्यांना गाठलं, कनवटीतून उरलेला कंद काढला आणि एवढंच विचारलं, ह्ये काय हाय? पानाफुलाशिवाय सांगता येत नाही, असं ते म्हणाले. त्यांनी कंदाचे दोन तुकडे केले. एक कागदावर ठेवला, दुसरा कुंडीत लावला. पाऊस पडल्यावर ते कुंडी घेऊन दिंद्रुडला आले.

"लाल-पिवळं फूल आलतं," दगडाबाई म्हणाली. "बगितलं आन मी मटकन खालीच बसले. कळलावी! अरं, लहानपनापसून बगितलेली. कुनी बी सांगंल ईख हाय म्हनून. फूल असतं तर तिच्या हातातनं हिसकून फेकलं असतं म्या. नुस्ता कंद, म्हनून फसले. मंग सरांना म्हनलं, हर झाडाचं मूळ कागदावर पायजे. फुलाबिगर बी वळखू आलं पायजे. तवापसून आनत गेले."

भारतच्या डोळ्यांपुढे ती मुळं उभी राहिली, एक तंतूही न तुटलेली. इतकी वर्षं तो त्यांना मायचा नीटनेटकेपणा समजत आला होता.

"सरांनी तो कागद कोरा ठिवला. म्हनले, बाई, तुमी म्हनाल तवा तिचं नाव लिवू. खुडनाऱ्याचं नाव लिवायचं असतंय म्हने. पर लिवलं असतं तर तुज्या बापानं इचारलं असतं, पोरीनं काय आनलं, कुनी खाऊ दिलं. भ्यायले मी. आता तुजा बाप न्हाई, सर न्हाईत, मलाबी किती दिस हायेत? तू तिचं नाव लिव. जाई धर्मराज उजगरे. सा वर्साची. मंग खाली माजं लिव, न्हाईतर नको लिवूस."

त्याला काहीतरी आठवायचं नव्हतं, आणि तेच आठवत होतं.

"कागद हाय न्हवं?" तिने विचारलं. "कंदाला तिचे दात हायेत बग. म्होरले दोन पडलेले हुते तिचे, म्हनून मधी जागा सुटलीय."

अंगणातल्या शेवग्याच्या वाळक्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या. भारतने स्वतःचे हात पाहिले.

"हाय," तो म्हणाला.

"आनशील? दिसत न्हाई मला, पर बोट लावून बगते येकदा."

"आनतो, माय."

वही कोरीच पिशवीत गेली. एसटी खिळखिळत माजलगावकडे निघाली तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती सगळ्यात वाईट होती. औषधाच्या पाण्यातून काढलेल्या कागदाला उंदीर तोंड लावत नाही. बावीस वर्षांत एकाही जुन्या शीटाला लागला नव्हता. ही गोष्ट तोच दर वर्षी नव्या पोरांना छाती फुगवून सांगत असे. गुरुवारी मात्र त्याला ती सुचली नाही, चार वाजले होते म्हणून.

तो घरी न जाता तडक मैदानावर गेला. खड्डा कुदळीने उकरला, राख हातांनी चाळली. छावणीतली जनावरं दाव्याला बसून रवंथ करत होती आणि एक म्हातारा शेतकरी, धुळाजी नावाचा, बैलाजवळून बघत होता.

"काय हारवलं का?"

"हारवलं," भारत म्हणाला.

धुळाजी उठून आला आणि काही न विचारता तोही शेजारी बसून राख चाळू लागला. दोघांच्या हाताला लेबलांच्या टाचण्या लागल्या, बाकी काही लागलं नाही.

सोमवारी उत्तरेश्वर सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते वाईट माणूस असते तर भारतला सोपं गेलं असतं.

"आईंचं नाव आजच घालतो," ते म्हणाले. "पण भारतराव, शीटच नाही तर मुलीचं नाव कशावरून घालू? संग्रहाच्या यादीत संग्रहात नसलेलं कसं छापायचं?"

"मग आईचं बी नको, सर."

"विचार करा."

"तिनंच सांगितलंय. आधी जाईचं."

यादी तशीच छापायला गेली. सुंदरराव, बारा प्राध्यापक, सव्वीस विद्यार्थी, आणि कपाटं देणाऱ्या संस्थांचे आभार चेअरमनच्या नावांसकट.

दुपारी हमाल पेंडीची पोती आणू लागले. भारतने टेबलावरची धूळ झटकली, नोंदवही उघडली आणि गुरुवारचं पान काढलं. 'फूल-पान नाही' हे खरं होतं, ते राहू दिलं. 'संकलक नाही' यावर पट्टी धरून एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: 'संकलक : जाई धर्मराज उजगरे, वय सहा.' मग 'उंदराने' या शब्दावर रेघ मारली. 'कुरतडलेला' तसंच ठेवलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'जाईने.' पेन थांबलं. पुढचा रकाना नष्ट करणाऱ्याचा होता. त्यात सही होती, ठळक, एकही अक्षर न चुकलेली. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.