नमुन्याआधीचे पाणी

कोकिळेच्या उजव्या पायाच्या अंगठ्यामागचे हाड वाचवायचे, तर तिच्या मूत्रपिंडांना चौदा दिवस धोका पत्करावा लागेल, असे डॉक्टर योगेंद्र यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले.

मार्चमध्ये बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर कुरडया वाळत घालताना माझ्या पत्नीच्या तळव्यात गंजलेली तार शिरली होती. बहादरपूरच्या शाळेत तीस वर्षे उभे राहून शिकवलेल्या बाईने ती स्वतःच उपटली, हळद दाबली आणि मला तीन दिवसांनी सांगितले. मधुमेह जुना. जखम वरून भरली आणि आतून चिघळत राहिली. एप्रिलच्या शेवटी तिला शनवाऱ्याजवळच्या रुग्णालयात दाखल केले, तेव्हा संसर्ग हाडाला लागला होता.

"या जंतूवर दोनच औषधं चालतात, काका," डॉक्टर म्हणाले. "पहिलं हे इंजेक्शन. जंतूला चांगलं मारतं, पण मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांना दुखावू शकतं."

"आणि दुसरं?" मी विचारले.

"दुसरं पेनिसिलिनच्या नात्यातलं आहे. काकूंचा चेहरा पेनिसिलिनने सुजला होता, अंगभर पुरळ उठली होती, हे तुम्हीच सांगितलंत. म्हणून ते मी हातचं राखून ठेवतो."

"म्हणजे एकीकडे पाय, एकीकडे किडनी," कोकिळा म्हणाली. "मधे मी."

डॉक्टर हसले आणि मग त्यांनी एक नवी गोष्ट सांगितली. मूत्रपिंड बिघडले की क्रिएटिनीन, म्हणजे लघवीवाटे बाहेर पडायचा एक टाकाऊ पदार्थ, रक्तात वाढते, हे मला ठाऊक होते. पण ते उशिरा वाढते. तोपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते. नळ्यांच्या पेशी दुखावल्या की एक विशिष्ट प्रथिन लघवीत उतरते, आणि ते त्याच्या कितीतरी आधी दिसते. या रुग्णालयात एका अभ्यासासाठी ते मोजणारे छोटे यंत्र आले होते. हे इंजेक्शन घेणाऱ्यांची लघवी दर दोन दिवसांनी तपासायची, आणि प्रथिन वाढलेले दिसले की रक्ताची वाट न पाहता औषध बदलायचे. कोकिळेने संमतीपत्र पहिल्या ओळीपासून वाचले, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि सही केली.

मी रसायन शाखेचा पदविकाधारक. अडतीस वर्षे एका कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढलेली. त्यामुळे त्याच दुपारी मी वहीत रकाने आखले: तारीख, इंजेक्शनची वेळ, प्यालेले पाणी, लघवीचे माप, प्रथिन, रक्तातले क्रिएटिनीन आणि शेवटी शेरा.

"मला पण एक रकाना द्या," कोकिळा म्हणाली. "बाई आज कशी आहे, असा."

"तो शेऱ्यात येईल."

"बघा, तीस वर्षं पोरांना मी शेरे दिले. आता पाळी माझ्यावर आली."

इंजेक्शनाआधीच्या नमुन्यात प्रथिन आले ०.८. तिसऱ्या दिवशी ०.९. प्रयोगशाळेतल्या पूजाने तो आकडा खिडकीतून सांगितला. "टेन्शनची बात नाही काका, इतकं तर वर-खाली होतंच." मी मान डोलावली, पण ०.८ आणि ०.९ यांमधला फरक मला बाकी दिवसभर टोचत राहिला.

डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितले होते. ते मी कामासारखे हाती घेतले. दर तासाला एक पेला, आणि पहाटे उठल्याबरोबर तांब्याच्या तांब्यातले पाणी. अनशापोटी पाणी पिण्याची सवय आमच्या घरात आहेच. मी एका तांब्याचे दोन केले.

"काय करून राहिले तुम्ही?" पाचव्या दिवशी पहाटे दुसरा तांब्या पाहून कोकिळा म्हणाली. "मला ताप्ती नदी करायची आहे का?"

"पी. मूत्रपिंडं धुऊन निघतील."

"धुवायला ती काय कुरडयांची चाळणी आहे?"

पण ती प्याली. आधीचे दोन्ही नमुने उठल्याबरोबर घेतले होते. या वेळी दोन तांबे पोटात गेल्यावर दीड तासाने बाटली भरली. चिठ्ठीवर फक्त 'सकाळचा नमुना, सातपर्यंत' एवढेच छापलेले होते. मी सातला पाच मिनिटे असताना तो पूजाच्या हाती दिला.

आकडा आला ०.७.

"बघा, कमीच झाली रीडिंग," पूजा म्हणाली. "आणि सॅम्पल पण कसला क्लिअर, एकदम पाण्यासारखा."

रक्तातले क्रिएटिनीन ०.९ होते, पहिल्या दिवशी होते तेवढेच. डॉक्टर योगेंद्र फेरीवर आले, दोन्ही कागद पाहिले आणि म्हणाले, "छान. मग काकू, चौदा दिवस पूर्ण करू. पायही साथ देतोय." कोकिळेने मला हाताने खूण केली, की डॉक्टरांना पेढा द्या; पेढा नव्हता, म्हणून मी केळे दिले.

दुपारी ती डोळे मिटून पडली असताना मी वही उघडली. प्रथिनाच्या रकान्यात ०.७ लिहिले. शेऱ्यात मी प्रत्येक वेळी नमुन्याचा रंग लिहीत असे. पहिल्या दिवसासमोर होते 'गडद पिवळा', तिसऱ्यासमोर 'पिवळा'. पाचव्यासमोर मी 'जवळजवळ रंगहीन' असे लिहिले, आणि पेन तिथेच थांबले.

कागद करताना पातळ लगदा तारेच्या बारीक जाळीवर पसरतात. पाणी जाळीतून खाली गळते, तंतू वर राहतात. त्या गळालेल्या पाण्यात किती तंतू वाया गेले, हे दर पाळीला मोजणे माझे काम होते. जाळी फाटू लागली की वरच्या कागदात काही दिसण्याआधी खालच्या पाण्यातले तंतू वाढतात. चुडामण नावाचा एक पाळीप्रमुख माझी बाटली येण्याच्या पाव तास आधी साध्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडून ठेवी. एका लिटरमागे तंतू कमी दिसत. लिटर मात्र वाढलेले असत. आठ दिवस त्याचे आकडे सुंदर आले आणि नवव्या दिवशी जाळी फाटली. मी त्याला सगळ्यांसमोर फार बोललो होतो.

आज मी दुसरे काय केले होते? पूजाचे यंत्र एका मिलिलिटरमागे प्रथिन मोजत होते, आणि मिलिलिटर मी फुगवले होते. चुडामणला निदान आपण काय करतो आहोत हे माहीत होते.

तरीही मी ताबडतोब उठलो नाही, हे नोंदवले पाहिजे. माझी शंका खरी निघाली, तर हे इंजेक्शन बंद होणार. मग उरणार ते दुसरे औषध, पेनिसिलिनच्या नात्यातले. वीस वर्षांपूर्वी तिचे सुजलेले डोळे आणि लाल झालेली मान मी पाहिली होती. शंका खोटी निघाली, तर काहीच बिघडणार नव्हते. आणि मी गप्प राहिलो, तर निदान आजचा दिवस सगळे आनंदात होते. मी पेनाचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले.

"झोप लागू द्या की," कोकिळा डोळे न उघडता म्हणाली. "काय टकटक चाललंय?"

मी तिला सांगितले. जाळी, व्हॉल्व्ह, तांब्या, सगळे क्रमाने सांगितले. ती उठून बसली.

"म्हणजे सकाळचे मार्क खोटे?"

"असतील असं वाटतं. नक्की माहीत नाही."

"आणि तुम्ही इथे बसून टोपण लावून राहिले?"

"ते दुसरं औषध तुला सोसलं नाही तर?"

"ते डॉक्टर बघतील, माझं मी बघीन. पेपर पुन्हा तपासता येतो ना? मग जा. आणि तिथे भाषण नका देऊ, पोरगी जेवत असेल."

पूजा खरोखरच डबा उघडून बसली होती. मी शक्य तितक्या थोडक्यात सांगितले.

"किती पाजलं काकूंना?"

"दोन तांबे. सव्वा लिटर."

तिचा घास हातात राहिला. "काका, मग तर पूरा डायल्यूट झाला ना. आणि मी सकाळी खुश होऊन गेली." तिने डब्याचे झाकण लावले. "सॅम्पल फ्रिजमध्ये आहे. पहिले दोन पण आहेत, स्टडीसाठी फ्रीज करून ठेवतो आम्ही. यूरिनमधलं क्रिएटिनीन काढते, तिन्हींचं. भागून बघू."

हा भागाकार समजायला सोपा आहे. शरीर लघवीवाटे रोज जवळपास सारखेच क्रिएटिनीन टाकते. पाणी जास्त प्याले की प्रथिन पातळ होते आणि क्रिएटिनीनही त्याच प्रमाणात पातळ होते. एकाला दुसऱ्याने भागले की पाण्याचा हिशोब कटून जातो. अभ्यासाच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना होता. पण पहाटेचे नमुने सारखेच दाट असतात असे धरून तो कोणी भरत नव्हते.

अर्ध्या तासाने पूजाने कागद माझ्यापुढे सरकवला. पाचव्या दिवसाच्या नमुन्यातले क्रिएटिनीन पहिल्याच्या पाव भागाइतके होते. भागाकार करता पहिला दिवस ०.८, तिसरा १.३, पाचवा २.८.

कागद घेऊन तीच माझ्या पुढे जिना चढली.

डॉक्टर योगेंद्र यांनी तिन्ही आकडे दोनदा वाचले. "नळ्या दुखावल्यात," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवसापासूनच."

"मी पाणी पाजायला नको होतं," मी म्हणालो.

"पाणी पाजणं बरोबर होतं, काका. वेळ चुकली. आणि ती चिठ्ठीवर लिहायचं काम आमचं होतं, भागाकारही आमचाच होता." त्यांनी खिशातून पेन काढून इंजेक्शनाच्या नोंदीवर आडवी रेघ मारली. "उद्याचं हे देत नाही."

"रक्त तर अजून ठीक म्हणतंय."

"रक्त आणखी चार दिवसांनी बोललं असतं. तोवर चार इंजेक्शनं आणखी गेली असती. पेशी दुखावल्या आहेत, मेलेल्या नाहीत; वेळ दिला तर भरून येतात. तो वेळ आता आपल्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दुसऱ्या औषधाचा पहिला, अगदी लहान डोस दिला गेला. पलंगाशेजारी एका तबकात, ॲलर्जी उसळलीच तर लागलीच टोचायच्या औषधाच्या सुया भरून ठेवल्या होत्या. डॉक्टर स्वतः स्टूल ओढून बसले. मी घड्याळ हातात घेतले होते. दर पाच मिनिटांनी तिची मान, डोळे आणि ओठ पाहत होतो.

"तुम्ही दोघं असे बघून राहिले, जसं काही मी कॉपी करणार आहे," कोकिळा म्हणाली.

विसाव्या मिनिटाला तिने मनगट खाजवले. डॉक्टर उठून उभे राहिले. मी उभा राहिलो. दारातून डोकावणारी परिचारिका आत आली.

"चिकटपट्टी टोचतेय," कोकिळा म्हणाली. "बसा सगळे."

एक तास गेला. मग पूर्ण डोस दिला, आणखी एक तास गेला. पुरळ नाही, सूज नाही. डॉक्टरांनी रुमालाने कपाळ पुसले आणि स्टूल जागेवर ठेवले. "वीस वर्षांत पुष्कळांची ही ॲलर्जी विरून जाते," ते जाता जाता म्हणाले. हे त्यांनी आधी का सांगितले नाही, असे मी विचारले, तेव्हा म्हणाले, "विरली नसती तर तुम्ही मला सोडलं नसतं."

सातव्या दिवशीचा भागाकार मात्र ३.१ आला. औषध बंद करूनही आकडा वाढला, हे पाहून मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते इंजेक्शन मूत्रपिंडात काही दिवस मुरलेले राहते, थोडे थांबा, असे डॉक्टर म्हणाले. थांबण्यावाचून मार्ग नव्हता. रक्तातले क्रिएटिनीन १.१ वर गेले. दुसऱ्या तपासणीलाही तिथेच राहिले. नवव्या दिवशी भागाकार २.१ आला, बाराव्या दिवशी १.४. पायातला पू थांबला. रुग्णालयाची चिठ्ठी नव्याने छापून आली. तिच्यावर 'उठल्याबरोबर, पाणी पिण्यापूर्वी' अशी ठळक ओळ होती, आणि 'पिण्यापूर्वी'मधला ऱ्हस्व-दीर्घ कोकिळेने तपासून दिला होता.

अठराव्या दिवशी सकाळी मी बाटलीकडे हात नेला, तर ती म्हणाली, "आज मी नेते."

"पायाला ताण नको."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तुम्ही मागून या. आणि पावलं मोजू नका, मला ऐकू येतं."

भिंतीला हात लावत, टाच आधी टेकवत ती प्रयोगशाळेच्या खिडकीपर्यंत गेली. पूजाने बाटली घेतली. "काकू, बसा ना. बीस-पच्चीस मिनट तर लागतील."

"तेवढ्या वेळात मी उभ्याने वर्गाचे पाढे घ्यायची."

मी तरीही खुर्ची आणून ठेवली. तिने खुर्चीच्या पाठीवर हात टेकवला, पण बसली नाही. यंत्राने कागद बाहेर टाकला. पूजाने लघवीतल्या क्रिएटिनीनची चिठ्ठी शेजारी धरली, भागाकार केला, पुन्हा केला आणि कागद माझ्याकडे न देता खिडकीतून कोकिळेपुढे धरला.

"०.९," कोकिळेने वाचले, वर्गात मार्क वाचावेत तसे. "आणि रक्त?"

"रक्त पण ०.९, काकू. वापस आलं."

"हाडाबद्दल डॉक्टर काल बोलले. काढावं लागणार नाही म्हणाले." हे ती पूजाला सांगत होती, की मला, की स्वतःला, ते कळले नाही.

मग ती खुर्चीवर बसली. उजव्या पायातली चप्पल काढून तिने अंगठा वर केला, खाली केला, आणि पुन्हा वर केला.