बिघडलेलीच सायकल पाहिजे

आळेफाट्यावर धरमचंद शेठच्या टेलिफोन बूथवर आरतीला काम लागलं, त्या दिवशी घरात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं, की ही रोज जाणार कशी?

१९९८ सालचा मार्च होता. पिंपरी पेंढारहून फाटा आठ-नऊ किलोमीटर. सकाळची एसटी ओतूरहूनच गच्च भरून यायची. पोलिओमुळे आरतीचा उजवा पाय लहानपणापासून बारीक राहिलेला. मांडीवर हात टेकून ती झपाझपा चालायची, कुणाला मागे पडू द्यायची नाही. पण एसटीची पहिली पायरी तिच्या गुडघ्यापर्यंत. ती पाय उचलेस्तोवर मागची माणसं रेटायची आणि कंडक्टर घंटी मारून मोकळा व्हायचा. पहिल्याच महिन्यात ती सात वेळा उशिरा पोचली. शेठ फक्त घड्याळाकडे बघून खाकरले. ते खाकरणं तिला शिवीपेक्षा लागलं.

एप्रिलमध्ये कांदा साठवायला बराख रिकामी करताना तिच्या वडिलांनी, भगवंतरावांनी, वर टांगलेली लेडीज सायकल खाली काढली. आरती नववीत असताना त्यांनी ती हौसेने आणली होती. तेव्हा डावा पाय खाली दाबला की उजव्याने पुढचा दाब द्यायचा, तो काही देता यायचा नाही. पायडल मध्येच अडकायचं आणि ती धपकन आडवी व्हायची. आठवड्यात पाच वेळा पडल्यावर तिनेच सायकल वर टांगायला लावली होती.

"फ्रीव्हील पार गंजून जाम झालंय," भगवंतराव चाक फिरवत म्हणाले. "चाक फिरतंय तवर पायडलबी फिरतंय. थांबतच न्हाई. नीट करून तुझ्या मामाच्या पोरीला देऊन टाकतो."

"बघू," म्हणत आरती उगाच सायकलीवर बसली. अंगणाला रस्त्याकडे थोडा उतार होता. सायकल घरंगळली, आणि उजवं पायडल तिचा पाय घेऊन आपणहून वर आलं. खाली गेलं, पुन्हा वर आलं. उजव्या पायाला काही करायचंच नव्हतं. डाव्याने दाबायचं, बाकी चाकच त्याला उचलून आणत होतं. गोठ्याच्या भिंतीला पुढचं चाक धडकलं तेव्हा ती मोठमोठ्याने हसत होती.

"लागलं का गं?" आई बायडाबाई पिठाच्या हातांनी धावत आली.

"आप्पा," आरती म्हणाली, "ही कुणाला द्यायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी टेम्पोत सायकल घालून बापलेक फाट्यावर सावळेरामच्या दुकानात गेले. सावळेराम सायकलींचा जुना मिस्त्री. त्याने चाक फिरवून पाहिलं आणि लगेच फ्रीव्हील काढायला पाना उचलला.

"काढू नका," आरती म्हणाली.

"अवं ताई, बिघडलंय ते."

"मला बिघडलेलंच पायजे."

सावळेरामने भगवंतरावांकडे पाहिलं. भगवंतराव आभाळाकडे बघू लागले. मग आरतीने तिथेच सायकलीवर बसून, भिंतीला हात धरून, दोन हात पुढे जाऊन दाखवलं. सावळेराम खाली बसला आणि तिच्या उजव्या पायाकडे नुसता बघत राहिला.

"आस्सं व्हय!" तो शेवटी म्हणाला. "पण गंजाचा काय भरवसा? भर रस्त्यात सुटला तर तोंडावर पडशीला. जाम करायचं तर पक्कंच करू."

शेजारच्या ट्रकच्या गॅरेजात नेऊन त्याने फ्रीव्हीलला चारी बाजूंनी वेल्डिंगचे टाके मारले. मागे जोर दिला तर ते चाकाच्या मधल्या हबावरून सुटेल, म्हणून हबालाही टाका घातला. पुढचं चक्र कमी दात्यांचं घेतलं, म्हणजे चढाला डाव्या पायावर ताण कमी. उजव्या बाजूचा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, दीड इंच आखूड केला आणि पायडलवर जुन्या चपलेचा पट्टा ठोकला, पाय घसरू नये म्हणून. सीट एवढी खाली घेतली, की डावा पाय सहज जमिनीला टेकावा. दोन्ही ब्रेक नवे.

"एक ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "पायडल मारायचं थांबायचं न्हाई. थांबायचं तर आधी ब्रेक."

पंधरा दिवस भगवंतराव पहाटे तिच्यामागे पळाले. सोळाव्या दिवशी त्यांचा दम पुढच्या वळणावर संपला आणि आरती एकटीच फाट्यावर पोचली, आठला दहा कमी असताना.

शेठना मात्र ते यंत्र पसंत पडेना. "न थांबणारी सायकल म्हणजे काय? धोका आहे पोरी!"

"शेठ, एकदा बसून तर बघा."

धरमचंद शेठ धोतर सावरून बसले. बूथसमोरच्या मोकळ्या जागेत दोन फेऱ्या झोकात मारल्या आणि सवयीने पाय थांबवले. पायडलने त्यांना असं उचललं, की टोपी एकीकडे आणि शेठ सीटवरून वीतभर वर! घाबरून त्यांनी हँडल घट्ट धरलं, पाय गरागरा फिरू लागले.

"थांबव! अगं थांबव हिला!"

"ब्रेक शेठ, ब्रेक!"

ब्रेक त्यांना आठवला तो रसवंतीच्या उसाच्या मोळीत शिरल्यावर. त्यांच्या पत्नी कस्तुरबाई बूथच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शेठ उठले, धोतराला चिकटलेलं पाचट झटकलं आणि म्हणाले, "पोरगी रोज हिच्यावर येते म्हणजे कमाल आहे." त्याच आठवड्यात त्यांनी बूथच्या कडेला सायकलपुरतं पत्र्याचं छप्पर टाकून दिलं.

पावसाळ्यात चिखलाने मडगार्ड भरून चाक अडायला लागलं. सावळेरामने ते दोन बोटं वर उचललं आणि खाली ट्रकच्या ट्यूबची झालर लावली. चेनीवर बंद कव्हर बसवलं, नाहीतर ओढणी कधी चेनीत गेली असती आणि पायडल तर थांबणारं नव्हतं. थंडीत धुकं एवढं पडायचं, की समोरचा बैल दिसेना. तेव्हा डायनॅमोचा दिवा आणि मागे लाल काच आली. उन्हाळ्यासाठी आरतीने स्वतःच तार वाकवून पाण्याच्या बाटलीला कडं केलं. सावळेराम ते बघून म्हणाला, "आता माझं दुकानच चालवा तुमी!"

वर्षभरात ती दोनदाच गैरहजर राहिली. एकदा चुलतबहिणीच्या लग्नाला, एकदा तापाने.

मग पेठ गावाहून साळुबाई आल्या. वय चाळीस, अंगणवाडीत मदतनीस, आरतीचा उजवा तसा त्यांचा डावा पाय बारीक. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की फाट्यावर एक पोरगी उलटीच सायकल चालवते.

"उलटी न्हाई," आरती हसून म्हणाली. "सरळच हाये. थांबत तेवढी न्हाई."

"उताराला भ्या वाटत न्हाई?"

"पहिल्यांदा लई वाटलं. ब्रेकवर दोन बोटं ठेवायची आन् पायाला जाऊ द्यायचं. तो कुठं जात न्हाई, येतोच फिरून."

साळुबाई भावाची जुनी सायकल घेऊन आल्या. सावळेरामने या खेपेला आखूड क्रँक डावीकडे लावला. दर रविवारी त्या शिकायला यायच्या, पण त्यांना वळवायला जमेना. सायकल सरळच जायची आणि त्या रस्त्याकडेच्या हरभऱ्यात जाऊन थांबायच्या. शेतकऱ्याने दोनदा ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा तोच कॅरिअर धरून त्यांच्यामागे पळाला. तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी साळुबाई आल्याच नाहीत. आरतीला चुटपुट लागली, की बाईंनी नाद सोडला वाटतं.

सोमवारी सकाळी बूथमधला फोन वाजला.

"आरतीताई का? साळुबाई बोलतेय. अवं, काल पाव्हणं आलं व्हतं. आन् आज एकटी गेले अंगणवाडीत! पोरं माझ्या आधी यायची, आज मी पोरांच्या आधी!"

"पडला न्हाईत ना?"

"एकदा. पण गवतावर!"

आरतीला अजून खूप विचारायचं होतं, पण काचेबाहेर तीन गिऱ्हाईकं ताटकळत उभी होती. "संध्याकाळी करा परत," ती म्हणाली, रिसीव्हर ठेवला आणि हसतच पहिल्या माणसाला विचारलं, "बोला भाऊ, कुठं लावायचाय?"